जीवाणूंचा गोंद आणि आपलं सांडपाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या एसटीपीचं (घरगुती सांडपाणी साफ करणारा प्रकल्प) आणि नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर भागातल्या लहान कारखान्यांच्या ईटीपीचं (कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्रकल्प) पाणी तपासणं हे माझं रोजचं काम. "जीवाणूंपासून काढलेलं औषध टाका, पाणी साफ" असं सांगणारे विक्रेते वाढले, तसे मला येणारे मेसेजही वाढले. विचारणाऱ्यांत सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, भोजनालयवाले आहेत, प्लेटिंगवाले (वस्तूंवर धातूचा मुलामा देणारे) आहेत आणि प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलेले विद्यार्थी तर दर वर्षी असतातच. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. जीवाणूंनी बनवलेला पदार्थ म्हणजे शेवटी जीवाणूच ना? बायोकल्चर आणि हे एकच का?

नाही. गाय वेगळी, दूध वेगळं. बायोकल्चर म्हणजे गाय: जिवंत किंवा सुप्त जीवाणू. ते टाकीत सोडायचे, त्यांना हवा आणि खाद्य मिळालं पाहिजे, मग ते वाढतात आणि घाण खातात. या पानावर आपण मुख्यतः दुधाबद्दल बोलतोय, म्हणजे जीवाणूंनी स्वतःच्या पेशीबाहेर सोडलेल्या पदार्थांबद्दल. तो पदार्थ वेगळा काढून पाण्यात टाकला तर त्याला जगवावं लागत नाही. पण तो वाढतही नाही. टाकला तेवढाच, वापरला की संपला. बाटलीवर "बायो" लिहिलेलं दिसलं की आत गाय आहे की दूध, हे आधी विचारा. विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

२. असा पदार्थ कुठे पाहायला मिळतो का, की फक्त प्रयोगशाळेतच?

तुमच्या घरात आहे. उन्हाळ्यात दही कधी कधी चमच्याबरोबर तार धरतं, ती तार जीवाणूंनी बनवलेल्या लांब साखळीच्या साखरेची असते. आठवडाभर न घासलेल्या माठाला आतून हात लावा, बुळबुळीत लागतो. सिंकखालचा पाइप उघडला की निघणारा करडा चिकट थर तोच. आइस्क्रीम आणि सॉसच्या पाकिटावर झँथन गम लिहिलेला असतो, तोही झँथोमोनस नावाच्या जीवाणूकडूनच कारखान्यात बनवून घेतात.

जीवाणू हा चिकटा आपल्यासाठी बनवत नाहीत. एकमेकांना आणि पृष्ठभागाला धरून राहायला, वाळण्यापासून आणि विषारी गोष्टींपासून वाचायला त्यांना तो लागतो. आपण त्याचा फायदा घेतो इतकंच.

३. पाणी साफ करायला यातले कोणते पदार्थ कामाचे?

कामावरून तीन गट करा, लक्षात राहतं.

चिकट पदार्थ गढूळ कण एकत्र गोळा करून खाली बसवतात. यांना बायोफ्लॉक्युलंट म्हणतात. मी पुढे सरळ "गोंद" म्हणणार आहे. हे बहुतेक वेळा साखरेच्या साखळ्या, प्रथिनं किंवा दोन्हींचं मिश्रण असतात. बॅसिलस जातीच्या काही जीवाणूंचं पॉलिग्लुटॅमिक आम्ल यातलंच. जपानमध्ये ऱ्होडोकॉकस एरिथ्रोपोलिस या जीवाणूच्या गोंदावर १९८० च्या दशकात बरंच काम झालं, आजही विद्यार्थ्यांच्या अहवालात त्याचा उल्लेख सापडतो.

फेसाळ पदार्थ म्हणजे जीवाणूंचा साबण. स्यूडोमोनसचा रॅम्नोलिपिड आणि बॅसिलस सब्टिलिसचा सर्फॅक्टिन हे दोन प्रसिद्ध. सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून साधारण २७ मिलिन्यूटन प्रतिमीटरपर्यंत उतरवतो. तेल फोडायला उपयोगी, पण सगळीकडे नाही (प्र. ९).

पाचक पदार्थ म्हणजे एन्झाइम: तेल-तुपासाठी लायपेज, प्रथिनांसाठी प्रोटिएज वगैरे.

४. गोंदाने पाणी निवळतं कसं? तुरटीसारखंच का?

निकाल सारखा दिसतो, वाट वेगळी आहे. सांडपाण्यातल्या बारीक कणांवर बहुतेक वेळा ऋण विद्युतभार असतो. सगळे सारख्या भाराचे, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात आणि दिवसभर तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं, शिवाय स्वतः कापसासारखा साका बनवून कणांना त्यात गुंतवतं.

जीवाणूंच्या गोंदाचा रेणू खूप लांब असतो. एका टोकाला एक कण, मध्ये दुसरा, पुढे तिसरा, असे कण त्याच्यावर अडकतात आणि माळ जड झाली की खाली बसते. अडचण अशी की हा गोंदही बहुधा ऋण भाराचाच. म्हणून त्याला मध्यस्थ लागतो, आणि ते काम कॅल्शियम करतं: दोन धन भार, एक हात कणाला, एक गोंदाला. प्रयोगशाळेत म्हणूनच गोंदाबरोबर थोडं कॅल्शियम क्लोराइड टाकतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. त्या पाण्यातून आलेल्या सांडपाण्यात कॅल्शियम आधीच असतं आणि वेगळं टाकायची गरज कधी कधी पडत नाही. हे अंदाजाने ठरवू नका, प्र. ७ मधली चाचणी करा.

निवळीचं बी उगाळून पाणी साफ करायची आपली जुनी रीत याच घराण्यातली; फक्त तिथला गोंद झाडाचा, इथला जीवाणूचा.

५. आमच्या सोसायटीत एसटीपी आहे. त्यात हा गोंद वेगळा टाकायचा का?

बहुतेकांना टाकायची गरज नाही, कारण तुमची एसटीपी चालतेच त्याच्यावर. १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी एक साधी गोष्ट केली. सांडपाण्यात हवा सोडली, खाली बसलेला गाळ फेकून न देता ठेवला आणि त्यावर पुन्हा नवं सांडपाणी घेतलं. प्रत्येक फेरीला पाणी अधिक लवकर साफ होत गेलं. त्या गाळात जीवाणू होते आणि त्यांच्याच गोंदाने ते पुंजक्यात बांधलेले होते. एअरेशन टँकमधले (हवा सोडायच्या टाकीतले) तपकिरी पुंजके, ज्यांना ऑपरेटर "फ्लॉक" म्हणतात, ते हेच. गोंद नसता तर जीवाणू घाण खाऊनही पाण्यात सुटे तरंगत राहिले असते आणि क्लॅरिफायरमधून (गाळ बसवायच्या टाकीतून) बाहेर गेले असते. नीरीने (नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था) विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीतही झाडांच्या मुळांवर आणि खडीवर जीवाणूंचा असाच चिकट थर काम करतो.

म्हणून कोणी बाहेरचा गोंद घ्या म्हणालं की मी आधी विचारतो, घरच्याचं काय चाललंय? तपासायला १ लिटरचा मोजपट्टीवाला सिलिंडर पुरतो. एअरेशन टँकमधलं पाणी वरपर्यंत भरा आणि ३० मिनिटं हलवू नका. गाळ किती मिलिलिटरवर बसला ते पाहा, त्याला गाळाच्या घनतेने (ग्रॅम प्रतिलिटर, प्रयोगशाळा काढून देते) भागा. ३०० मिलिलिटर आणि ३ ग्रॅम असेल तर १००: छान. ७५० आणि ३ असेल तर २५०: गाळ फुगलाय. १५० च्या वर गेलं की चिंता सुरू. तेव्हा बाटली मागवण्याआधी ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) पाहा. मी पाहिलेल्या फुगलेल्या गाळांत वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणं हे कारण सगळ्यांत जास्त वेळा निघालंय. हवा कमी पडली की धाग्यासारखे जीवाणू माजतात आणि पुंजका घट्ट होतच नाही.

६. एक जण डेमो द्यायला आला होता. त्याने पाणी आमच्या डोळ्यांसमोर साफ केलं. मग घ्यायला काय हरकत?

हा प्रश्न मला नेमका असाच, वेगवेगळ्या लोकांकडून, कितीदा तरी आलाय. माझ्यासमोर घडलेलं सांगतो. मानेवाडा रोडकडच्या एका सोसायटीत असाच डेमो होता. विक्रेत्याने काचेच्या बरणीत एसटीपीचं पाणी घेतलं, झाकणभर औषध ओतलं, चमच्याने ढवळलं आणि चहा मागवला. पाऊण तासात वरचं पाणी स्वच्छ. सगळे खूश. मी सेक्रेटरीकाकांकडे लोणच्याच्या दोन रिकाम्या, धुतलेल्या बरण्या मागितल्या. एकीत तेच पाणी आणि औषध, दुसरीत नुसतं तेच पाणी, दोन्ही सारखंच ढवळलं. पुन्हा चहा. तासाभराने दोन्ही बरण्या सारख्याच निवळल्या होत्या. फरक एकच, एकीला लिंबाचा वास येत होता.

विक्रेता खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याने दुसरी बरणी कधी ठेवूनच पाहिली नव्हती. सांडपाणी शांत ठेवलं की बराचसा गाळ आपोआप बसतो. त्यामुळे डेमो पाहायचाच असेल तर काहीही न टाकलेली बरणी शेजारी हवी.

७. मग चाचणी नीट कशी करायची? आमच्याकडे मशीन नाही.

हिला जार टेस्ट म्हणतात. मशीन असेल तर सोपं, नसेल तर सारखे सहा मोठे काचेचे ग्लास आणि दोन-तीन माणसं पुरतात.

आधी द्रावण करा: १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात. याचा १ मिलिलिटर १ लिटर नमुन्यात टाकला की मात्रा १ मिलिग्रॅम प्रतिलिटर होते, हिशेब तोंडी जमतो. सगळ्या ग्लासांत एकाच वेळी घेतलेलं, नीट हलवलेलं सांडपाणी सारखं भरा. पहिल्यात काहीच टाकू नका. दुसऱ्यात फक्त कॅल्शियम क्लोराइड. तिसऱ्यात तुरटी किंवा तुम्ही सध्या वापरता ते पॅक (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड). चौथा, पाचवा, सहावा: कॅल्शियम आणि गोंद, मात्रा वाढवत.

टाकल्यावर १ ते २ मिनिटं जोरात ढवळा (मशीनवर मिनिटाला १०० ते १५० फेरे), मग १५ ते २० मिनिटं अगदी हळू, ३० फेऱ्यांच्या आसपास. या हळू ढवळण्यात लोकांचा धीर सुटतो, आणि पुंजके तर तेव्हाच बनतात. कढी फुटू नये म्हणून हलवतो ना, तेवढ्याच हाताने. मग ३० मिनिटं हात लावायचा नाही.

गढूळपणा मोजायला टर्बिडिटी मीटर नसेल तर ग्लासामागे वर्तमानपत्र धरा. मथळा वाचता येतो का, बातमी वाचता येते का, की छोट्या जाहिरातीही? ढोबळ आहे, पण सहा ग्लासांची तुलना करायला पुरतं. शेवटी वरच्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) प्रयोगशाळेतून काढून घ्या. का, ते प्र. १३ मध्ये.

८. जास्त टाकलं तर पाणी आणखी गढूळ झालं. माल खराब होता का?

माल ठीक आहे, मात्रा चुकली. गोंद जास्त झाला की प्रत्येक कण पूर्णपणे त्यानेच माखला जातो, दुसऱ्या कणाला धरायला मोकळी जागा उरत नाही. सगळे माखलेले कण पुन्हा एकमेकांपासून दूर. तुरटी आणि पॉली (पॉलिॲक्रिलामाइड, कण गोळा करणारं रसायन) या दोघांनाही हेच लागू आहे. जार टेस्टमध्ये चढती मात्रा घ्यायची ती यासाठीच: आधी सुधारतं, एका जागी सर्वांत चांगलं होतं, मग पुन्हा बिघडतं.

९. माझं सावजी भोजनालय आहे. चेंबर तेलाने तुंबतं. तेल खाणारं औषध ग्रीस ट्रॅपमध्ये टाकू का?

भाऊ, ग्रीस ट्रॅपमध्ये तर अजिबात नको. तर्री वर तरंगते म्हणून तर ती पळीने काढता येते. ग्रीस ट्रॅपही याच तत्त्वावर चालतो. पाणी संथ झालं, तेल वर आलं, काढून घेतलं. त्यात जीवाणूंचा साबण टाकला की तर्रीचे असंख्य बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. तुमचं चेंबर स्वच्छ दिसतं, पुढच्या गटारात पाणी गार झालं की तेच तेल भिंतींना चिकटतं. लायपेजही इथे बेभरवशाचं: तेल फुटून स्निग्धाम्लं बनतात, ती पाण्यातल्या कॅल्शियमला धरून साबणासारखे कडक थर तयार करतात. शेजाऱ्याचं चेंबर तुंबलं की तो तुमच्याच दारात येणार.

कढई आणि ताटं धुण्याआधी कागदाने किंवा भुश्श्याने पुसा, ट्रॅप ठरलेल्या दिवशी उपसा, निघालेलं तेल वेगळं साठवा. नियमाप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. ट्रॅपनंतर उरलेल्या थोड्या तेलासाठी, हवा असलेल्या टाकीत, या साबणाचा उपयोग होतो: थेंब बारीक झाले की जीवाणूंना ते खाता येतात. सांडलेल्या डिझेलने खराब झालेली माती धुवायलाही तो चांगला. म्हणजे पदार्थ वाईट नाही, जागा चुकते.

१०. तुरटी, पॅक, पॉली एवढं स्वस्त असताना हे काहून वापरायचं?

आज फक्त खर्च पाहिला तर बहुतेक ठिकाणी तुरटीच जिंकते, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. जीवाणूंच्या गोंदाच्या जमेच्या बाजू वेगळ्या आहेत. तुरटीचा गाळ जेलीसारखा असतो, लवकर पाणी सोडत नाही आणि त्यातलं ॲल्युमिनियम तिथेच राहतं. गोंदाचा गाळ कुजतो. तुरटी पाण्याची क्षारता खाते, १ मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम, त्यामुळे कमी क्षारतेच्या पाण्यात पीएच घसरतो. पॉली म्हणून मिळणाऱ्या पॉलिॲक्रिलामाइडमध्ये थोडं कच्चं ॲक्रिलामाइड उरू शकतं. ते मज्जासंस्थेला घातक आहे आणि माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत मोडतं.

गोंद महाग का पडतो? एक लिटर द्रवात जीवाणू वाढवून हाती लागतो बऱ्याचदा जेमतेम काही ग्रॅम गोंद. त्यांना खायला साखर. मग गोंद वेगळा काढायला त्या द्रवाच्या दुपटीने थंड अल्कोहोल ओततात. हा अल्कोहोलचा खर्चच कंबर मोडतो. म्हणूनच काही जण गोंद वेगळा न काढता सगळा द्रवच पाण्यात ओतायचं म्हणतात. त्याचा भुर्दंड प्र. १३ मध्ये.

एकदम बदलण्याऐवजी तुरटी कमी करून थोडा गोंद जोडीला देणं, ही मला सर्वांत व्यवहार्य वाट वाटते. जार टेस्टमध्ये असे एक-दोन ग्लास जरूर ठेवा.

११. रंगाचं पाणी यानं बिनरंगी होईल का?

रंग कोणता यावर आहे. न विरघळणाऱ्या, कणांच्या रूपात असलेल्या रंगांना गोंद धरतो आणि बसवतो. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग पाण्यात पूर्ण विरघळतात, त्यांच्यावर गोंदाचा जोर चालत नाही. चहातला लाल रंग गाळणीत अडकत नाही, तसंच हे.

आणखी एक सापळा आहे. ॲझो रंगांवर (कापडाच्या रंगांतला एक मोठा गट) जीवाणूंच्या एन्झाइमने हवा नसताना काम केलं की रंग झपाट्याने जातो, पण रेणू तुटून ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. पाणी पांढरं दिसतं आणि मालकाला काम झालं असं वाटतं. त्यानंतर हवेचा टप्पा हवाच.

१२. प्लेटिंगच्या पाण्यातले धातू निघतील का? क्रोमियम?

तांबं, शिसं, जस्त यांसारखे धन भाराचे धातू ऋण भाराच्या गोंदाला चांगले चिकटतात. इथवर ठीक.

पिवळ्या पाण्यातला सहासंयुजी क्रोमियम मात्र फसवतो. तो पाण्यात क्रोमेटच्या रूपात असतो, म्हणजे स्वतःच ऋण भाराचा. गोंदही ऋण, हाही ऋण. तुम्ही कितीही ओता, पाणी पिवळंच राहणार. आधी पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचा त्रिसंयुजी क्रोमियम करायचा (पिवळा जाऊन हिरवट रंग येतो), मग चुन्याने पीएच ८ ते ९ वर नेऊन साका पाडायचा, आणि हा साका लवकर बसावा म्हणून शेवटी गोंद. काही जीवाणूंचे एन्झाइम क्रोमियमचं हे रूपांतर स्वतः करतात, पण प्लेटिंगच्या तीव्र पाण्यात तेही दम तोडतात. सहासंयुजीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, एकूण क्रोमियमची २.

शिवाय धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून गाळात जातो. तो गाळ २०१६ च्या नियमांखाली घातक कचरा. बागेत टाकायचा नाही, खत म्हणून द्यायचा नाही. आपल्या भागासाठी बुटीबोरीला घातक कचऱ्याची सामाईक सोय आहे, तिकडे नोंद करून पाठवा.

१३. प्रोजेक्टमध्ये गढूळपणा भरपूर कमी झाला, पण सीओडी वाढला. असं कसं?

तुम्ही शुद्ध गोंद टाकला नाही, जीवाणू वाढवलेला सगळा द्रव टाकलात. त्यात न खाल्लेली साखर आहे. १ ग्रॅम ग्लुकोजचा सीओडी जवळपास १.०७ ग्रॅम. द्रवात लिटरमागे १० ग्रॅम साखर उरली असेल आणि तुम्ही १ लिटर नमुन्यात १० मिलिलिटर द्रव टाकला, तर १०० मिलिग्रॅम साखर गेली, म्हणजे सीओडी साधारण १०७ ने वाढला. सोडण्याची मर्यादाच २५० आहे.

दुसरी चूक मला अहवालांत सतत दिसते: जीवाणू न घातलेलं कोरं माध्यम टाकून पाहिलेलंच नसतं. माध्यमात फॉस्फेट, मॅग्नेशियम, यीस्टचा अर्क असतो. ती मंडळीही थोडा गाळ बसवतात आणि श्रेय जीवाणूला मिळतं. एक ग्लास कोऱ्या माध्यमाचा आणि एक उकळलेल्या गोंदाचा ठेवा. उकळूनही काम तेवढंच झालं तर गोंद बहुधा साखरेचा, काम घटलं तर प्रथिनाचा. व्हायव्हात हे सांगितलंत की परीक्षक पुढचे दोन प्रश्न विसरतात.

१४. संत्र्याच्या सालीवर जीवाणू वाढवून गोंद बनवता येईल? नागपूरला साल फुकट मिळते.

कल्पना चांगली आहे, दर वर्षी कोणीतरी घेऊन येतं आणि दर वर्षी जीवाणू वाढत नाहीत म्हणून रडतं. सालीतलं लिमोनीन हे तेल जीवाणूंना मारक आहे. ज्या वासासाठी आपण साल नाकाशी धरतो, तोच त्यांना विष. साल वाळवून, उकळून वाफेबरोबर तेल काढून टाका, मगच साखर आणि पेक्टिन त्यांच्या कामाचं. नायट्रोजन वेगळा द्यावा लागेल. उसाची मळी (मोलॅसेस) त्यापेक्षा कमी कटकटीची.

१५. जीवाणू कुठून आणायचे? तलावातले चालतील?

ओळख पटलेले हवे असतील तर पुण्याचं एनसीआयएम आणि चंडीगडचं एमटीसीसी ही दोन संग्रहालयं कॉलेजच्या पत्रावर देतात. फुटाळ्याच्या गाळातून स्वतः वेगळे केलेत तर शिकायला जास्त मिळतं, पण ओळख पटेपर्यंत हातमोजे काढू नका. स्यूडोमोनस एरुजिनोसा रॅम्नोलिपिड उत्तम बनवतो आणि जखमेतून शरीरात गेला तर माणसाला आडवाही करतो. घरच्या मिक्सरमध्ये, फ्रिजमध्ये काही नेऊ नका. हे लिहावं लागतंय, कारण एकाने नेलं होतं.

१६. गोंद जास्त बनला तर चांगलंच ना?

नाही. प्र. ५ मध्ये हवा कमी पडून फुगलेला गाळ पाहिला, ही त्याची दुसरी तऱ्हा. फळांचा रस, मिठाई, शीतपेय यांच्या धुण्याच्या पाण्यात साखर मुबलक असते, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नसतो. जीवाणूंना साखर मिळते पण नव्या पेशी बांधायला सामान मिळत नाही; मग ते उरलेल्या साखरेचा नुसता चिकटा बनवतात. गाळ बोटांना शेंबडासारखा लागतो, पाणी सोडत नाही, वर फेस येतो. अशा वेळी ऑपरेटर आणखी बायोकल्चर ओततो आणि प्रकरण चिघळतं. बीओडी (जीवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) १०० असेल तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ हे जुनं प्रमाण धरा, युरिया आणि डीएपी मोजून द्या. गाळ ताळ्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात.

१७. मे महिन्यात पाणी बिघडतं. उन्हाने गोंद वितळतो का?

गोंद वितळत नाही, हवा कमी विरघळते. २० अंशांना पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्या आत. जीवाणूंची भूक मात्र उन्हाळ्यात वाढलेली. पारा ४५ च्या वर गेला तरी जमिनीखालच्या टाकीतलं पाणी तितकं तापत नाही; उघड्या, पत्र्याच्या टाक्यांना जास्त त्रास. ब्लोअरचे तास वाढवा.

मला उन्हाळ्यापेक्षा दिवाळीची भीती वाटते. एकाच आठवड्यात सगळे फ्लॅट फिनेल, ॲसिड आणि ब्लीचने धुतले जातात, सगळं एसटीपीत येतं आणि पुंजके सुटे होतात. सोसायटीच्या ग्रुपवर आधीच एक मेसेज टाकून ठेवा.

१८. यानं रोगजंतू मरतात का? ते पाणी पिता येईल?

मरत नाहीत, आणि पिता येणार नाही. पुंजक्यांबरोबर काही जंतू खाली बसतात, बाकी पाण्यातच. नंतर क्लोरीन किंवा यूव्ही लागतंच; पाणी निवळलेलं असेल तर ही दोन्ही कामं चांगली होतात. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, याने कमी होत नाहीत.

१९. टँकर भरून नाग नदीत ओतलं तर?

दर पावसाळ्याआधी कोणीतरी विचारतं. गोंदाला आधी ढवळणं आणि मग शांतता लागते. वाहत्या नाल्यात दोन्ही तुमच्या हातात नाही. जे बसेल ते तळाशी कुजेल आणि पहिल्या पुरात कन्हानला, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाईल. शिवाय नव्या सांडपाण्याची भर दर तासाला पडतच असते. नदीत येण्याआधी ते अडवून साफ करणं हाच उपाय. नागपूरच्या भांडेवाडी प्रकल्पात साफ केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जातं, म्हणजे तेवढं नदीचं पाणी वाचतं.

२०. जार टेस्टमध्ये झकास, टाकीत फेल. काहून?

नव्वद टक्के वेळा रसायन बरोबर असतं, नळी चुकीच्या जागी असते. गोंदाचे पुंजके मोठे पण नाजूक. गोंद पंपाच्या आधी टाकला तर पंपाचं पातं त्यांचा भुगा करतं आणि तुटलेले पुंजके पुन्हा नीट जुळत नाहीत. एका कारखान्यात तीन महिने माल बदलून पाहिला होता. आम्ही गोंदाची नळी पंपापुढे, पाणी क्लॅरिफायरमध्ये संथ पडतं त्या पाटाच्या तोंडाशी नेली, आणि कॅल्शियमची तेवढी पंपाआधीच ठेवली, कारण त्याला जोराचं ढवळणं हवंच असतं. पाइप लागला चार फूट.

तेवढ्याने जमलं नाही तर जार टेस्ट सकाळच्या पाण्याची केली होती की दुपारच्या, ते पाहा. सकाळी आठचं आणि दुपारी तीनचं पाणी एकाच सोसायटीचं असलं तरी सारखं नसतं.